रांग कुणाची, उशीर कुणाला?

गेल्या पावसाळ्यात माझे थोरले बंधू नाशिकला रुग्णालयात होते. आमच्या घरात मोबाइलची रेंज धड येत नाही, त्यामुळे रात्रीचा फोन वाय-फायवरून. त्या रात्री दादांचं ‘डॉक्टर म्हणाले की...’ एवढंच ऐकू आलं. मग शांतता, मग तीन वाक्यांचे तुकडे एकदम. मी ‘काय म्हणाले?’ विचारावं, तर ते पुढचं बोलू लागलेले. दोघंही एकदम बोलत होतो आणि दोघंही एकदम थांबत होतो. आजारी माणसाला ‘पुन्हा सांगा’ असं किती वेळा म्हणायचं? अखेर लक्षात आलं, मागच्या गॅलरीत नात लॅपटॉपवर काहीतरी भलंमोठं उतरवून घेत होती. तिनं ते थांबवलं आणि दादा शेजारी बसल्यासारखे बोलू लागले.

कंपनीकडे तक्रार केली. तिकडच्या मुलानं अदबीनं सुचवलं, ‘सर, मोठा प्लॅन घ्या.’ घेतला. शंभराचे दोनशे एमबीपीएस झाले, बिल वाढलं. बोलणं तुटायचं ते तुटतच राहिलं.

बँकेच्या काउंटरमागे उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाला रांग म्हटली की कुतूहल वाटतं. म्हणून थोडी चौकशी केली. वाय-फायमध्ये हवा सगळ्यांची एकच. एका वेळी एकानंच बोलायचं. बाकीच्यांनी कान देऊन थांबायचं आणि हवा मोकळी झाली की आपापल्या नशिबानं आलेले काही क्षण मोजून तोंड उघडायचं. दोन भिंतींपलीकडच्या लॅपटॉपशी राउटरला सावकाश बोलावं लागतं, म्हणजे तेवढ्याच मजकुराला हवा कितीतरी जास्त वेळ अडते. आमच्या शाखेत शनिवारी एक किराणा व्यापारी चिल्लरीची पोती घेऊन यायचा, त्याची आठवण झाली. त्याच्यामागे दोनशे रुपये काढायला आलेले पेन्शनर पितळी टोकन मुठीत धरून तासभर बसत. एका मॅनेजरसाहेबांनी यावर उपाय म्हणून बाकडी वाढवली. रांग बसती झाली, एवढंच!

राउटर बनवणाऱ्यांनी नेमकं तेच केलं. मेमरी स्वस्त झाली, तशी आत बाकडी वाढवली. पॅकेट हरवू नये म्हणून ती शेकड्यांनी साठवायची. उतरवून घेतलेल्या फायलीला त्याचं काही नाही. अर्ध्या सेकंदानं आली तरी ती तीच फाइल. आवाजाचं तसं नाही. बोलण्याचं एक चिमुकलं पॅकेट साधारण दर वीस मिलिसेकंदांनी निघतं आणि एका बाजूनं दीडशे मिलिसेकंदांच्या आत पोचलं तर संवाद सहज वाटतो, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. २०१२ पासून आपल्याकडे चेकची मुदत तीन महिने झाली. आवाजाच्या चेकची मुदत सेकंदाचा सातवा हिस्सा. त्यानंतर तो वटत नाही.

यावर पहिला तोडगा २००५ सालच्या ८०२.११ई या मानकात आला: आवाज, चित्र, साधा आणि मागाहून चालेल असा, चार वर्ग. आवाजानं कमी थांबायचं. कल्पना चांगली, पण बाहेरून येणाऱ्या पॅकेटवरची ‘तातडीचे’ ही चिठ्ठी वाटेत बऱ्याचदा पुसली जाते आणि मग ते साध्या रांगेतच येऊन बसतं. शिवाय खास खिडकी उघडली की प्रत्येक जण स्वतःला खास समजू लागतो, हे मला कुणी शिकवायला नको.

मला पटला तो दुसरा उपाय. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली सुचवलं, की रांगेत किती जण आहेत ते मोजू नका, प्रत्येक जण किती वेळ थांबला ते मोजा. पाच मिलिसेकंदांहून अधिक खोळंबा शंभर मिलिसेकंद टिकून राहिला, तर एखादं पॅकेट सरळ टाकून द्या. पाठवणारा समजून हात आखडतो. पुढे २०१७ मध्ये स्वीडनच्या कार्लस्टाड विद्यापीठातले टोके हॉयलंड-यॉर्गेनसेन आणि त्यांचे सहकारी यांनी वाय-फायसाठी त्यात भर घातली: प्रत्येक संभाषणाची रांग वेगळी, आणि प्रत्येक उपकरणाला हवेतला सारखा वेळ. पोतं घेऊन आलेल्याला त्याची पाळी मिळणार, पण पाळीपुरतीच. भार असतानाचा उशीर यानं सुमारे दहापटीनं घटला. ही युक्ती लिनक्समध्ये आहे, म्हणजे कुणालाही फुकट घेता येते.

मग ती प्रत्येक घरातल्या डब्यात का नसावी? माझ्या राउटरच्या खोक्यावर वेगाचे आकडे अंगठ्याएवढ्या अक्षरांत आहेत. घरातले सगळे एकदम वापरत असताना एका शब्दाला किती थांबावं लागेल, याचा आकडा त्यावर कुठेही नाही. तो छापायला लावला पाहिजे. ग्राहक विचारत नाहीत, म्हणून विक्रेते सांगत नाहीत. आणि सांगत नाहीत, म्हणून सुधारण्याची घाई कुणालाच नाही. मोठा प्लॅन विकणं मात्र सोपं!

दादा आता घरी आहेत, रोज साडेनऊला फोन करतात. सव्वानऊ झाले की नात गॅलरीतून विचारते, ‘आजोबा, मी थांबवू ना?’