वस्तू आपली, की आपण वस्तूचे?

वस्तू माणसाच्या उपयोगासाठी असते. पण कधी कधी आपण तिच्यात इतके गुंततो, की ती म्हणजेच आपण असे वाटू लागते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली आपल्या ग्रंथात हा विचार मांडला. माणूस फक्त शरीराला आणि मनालाच 'मी' समजत नाही. आपले कपडे, आपले घर यांनाही तो 'मी'चाच भाग मानतो, असे त्यांचे म्हणणे होते.

अमेरिकेतच याचे एक नवलाचे उदाहरण घडले. कोकाकोला हे पेय तेथे १८८६ पासून विकले जात होते. १९८५ साली कंपनीने त्याची चव बदलायचे ठरवले. आधी सुमारे दोन लाख लोकांकडून चवीची चाचणी घेतली. नवी चव अधिक लोकांना आवडली. २३ एप्रिलला नवे पेय जाहीर झाले आणि जुने बंद झाले. तेव्हा लोक चिडले! कंपनीकडे तक्रारींची पत्रे आली. रोज सुमारे दीड हजार फोन येऊ लागले. काहींनी जुन्या बाटल्या घरात साठवून ठेवल्या. शेवटी ७९ दिवसांनी, ११ जुलैला, कंपनीने जुने पेय परत आणण्याचे जाहीर केले.

लोक एवढे का चिडले? त्या बाटलीशी त्यांचे बालपण आणि आठवणी जोडलेल्या होत्या. आपलेच काहीतरी कोणी हिरावून नेले, असे त्यांना वाटले.

वस्तूवर जीव जडणे वाईट नाही. आजोबांचे जुने घड्याळ आपण जपतो, कारण त्यात आजोबांची आठवण असते. पण महागडे बूट घातले म्हणून कोणी मोठा होत नाही आणि साधी चप्पल घातली म्हणून कोणी लहान ठरत नाही. वर्गात असे घडू लागले, तर गरीब मुलाचा विनाकारण अपमान होतो. श्रीमंत मुलाचेही नुकसानच होते. बुटांची फॅशन बदलली, की त्याची शानही संपते.

जी ओळख दुकानात मिळते, तिची किंमत दुकानदार ठरवतो. आपले ज्ञान, आपले कसब आणि दिलेला शब्द पाळण्याची सवय मात्र कोणतीही कंपनी बदलू शकत नाही. आपली ओळख तेथेच शोधावी.