खाते कोणाच्या नावावर?

भंडारा जिल्ह्यात जानेवारी हा मोजमापाचा महिना असतो. धानाची मळणी आटोपत आलेली असते, खरेदी केंद्रांपुढे पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात आणि ज्याच्या-त्याच्या तोंडी 'यंदा किती क्विंटल झाले' हाच विषय असतो. याच महिन्यात आपणा वाचणाऱ्या मंडळींचेही मोजमाप सुरू होते. 'गतवर्षी त्रेचाळीस झाली, यंदा साठ' असे संकल्प सोडले जातात, याद्या जाहीर होतात, अभिनंदने होतात. दोन्ही मोजण्यांत एक फरक मात्र आहे. केंद्रावर नुसती पोती मोजून कोणी चुकारा देत नाही. आधी ओलावा पाहतात. तो १७ टक्क्यांच्या वर निघाला, तर वाळवून आणा म्हणून माल परत पाठवतात. मग काटा होतो. पुस्तकांच्या मोजणीत ओलावा पाहणारा कोणी नाही आणि काटाही नाही. तिथे पोते हेच परिमाण.

वार्षिक वाचनसंकल्प नावाची ही जी चाल गेल्या काही वर्षांत आपल्यात रूढ झाली आहे, तिच्याविरुद्ध हा लेख आहे. तिने वाचन वाढते, हा समज मला मान्य नाही. तिने 'वाचून झालेली' पुस्तके वाढतात. या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत करण्याची किंमत आपण सोडून दुसराच कोणीतरी मोजत असतो.

हे मी काठावर उभे राहून बोलत नाही. काही वर्षांपूर्वी मीही बावन्न पुस्तकांचा संकल्प केला होता. आठवड्याला एक, हिशेब सोपा. वहीत रकाने आखले : नाव, लेखक, पाने, आरंभ, समाप्ती, अभिप्राय. सप्टेंबरअखेर एकतीसवर होतो. नोव्हेंबरात पाहिले तर हातातले 'लीळाचरित्र' महिनाभर हलत नव्हते. हलणार कसे? एकेका लीळेवर थांबावे लागते, जुन्या मराठीतला एखादा शब्द दिवसभर सोबत घेऊन हिंडावे लागते. चक्रधरांच्या मागे निघून गेलेला नीळभट भांडारेकार आमच्या भंडाऱ्याचा मानतात, म्हणून हे पुस्तक मी विशेष ओढीने उघडले होते. तरीही ते मिटून ठेवले. कारण? रकाना अडत होता. मग मी साठ-सत्तर पानांची पुस्तके शोधू लागलो. एकांकिका, व्याख्यानांच्या पुस्तिका, कवितासंग्रह. साकोलीहून नागपूरला जाताना एका एस.टी.च्या प्रवासात मी दोन कवितासंग्रह 'संपवले' आहेत. या वाक्याची आज लाज वाटते, त्या दिवशी वाटली नव्हती. २९ डिसेंबरला बावन्न पूर्ण झाली.

इथवर नुकसान माझे एकट्याचे होते. पण वहीत अभिप्रायाचाही रकाना होता, आणि तो मी चारचौघांत वाचून दाखवत असे. त्या बावन्नांतल्या एका जाडजूड कादंबरीची शेवटची शंभर पाने मी केवळ नजरेखालून घातली होती. अभिप्राय मात्र लिहिला : 'अवश्य वाचावी. शेवट सुन्न करणारा.' लाखांदूरकडच्या एका शिक्षकमित्राने माझ्या शब्दावर भिस्त ठेवून ती कादंबरी गावच्या वाचनालयाला घ्यायला लावली. दोन महिन्यांनी भेटला तेव्हा त्याने विचारले, 'भाऊ, शेवटी त्या बाईने घर सोडले ते तुम्हाला पटले काय?' तिने घर सोडले हेच मला ठाऊक नव्हते. 'सुन्न करणारा' हे विशेषण मी सवयीने लिहिले होते. मित्र भला माणूस. त्याने विषय बदलला. मी मात्र तो प्रश्न अजून विसरू शकलेलो नाही.

आता त्या वाचनालयाकडे वळतो, कारण खरा मुद्दा तिथे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्यानुसार शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात. खेड्यातले लहानसे वाचनालय बहुधा 'ड' वर्गात असते. या वर्गाचे वार्षिक अनुदान २०२२ पर्यंत ३०,००० रुपये होते. त्या वर्षी ६० टक्के वाढ होऊन ते ४८,००० झाले. म्हणजे तेव्हा महिन्याला चार हजार. त्यात ग्रंथपालाचे वेतन, वर्तमानपत्रे, विजेचे बिल, आणि यातून जे उरेल त्यात पुस्तके. अशा ठिकाणी सव्वातीनशे रुपयांची एक कादंबरी घेणे म्हणजे दुसरे एखादे पुस्तक न घेणे होय. माझ्या खोट्या अभिप्रायाची किंमत ही. आणि हेही लक्षात घ्यावे की वर्षाला पन्नास पुस्तके विकत घेऊन वाचणारा एकटा मनुष्य, सरासरी तीनशे रुपये धरले तरी, पंधरा हजार खर्च करतो. म्हणजे एका गावच्या वाचनालयाच्या २०२२ च्या त्या वर्षभराच्या अनुदानाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. ती पुस्तके पुढे त्याच्या कपाटात बसतात. ती मोजली गेली आहेत. त्यांचे काम संपले.

त्याच वाचनालयात, अपराधी मनाने गेलो असता, ग्रंथपालांनी मला कपाटातले सर्वांत झिजलेले पुस्तक काढून दाखवले. नाव सांगत नाही, कारण नावाला महत्त्व नाही. मागच्या पुठ्ठ्याला परतीच्या तारखांचा कागद चिकटवलेला होता; तो भरला म्हणून त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. शिक्के, निळ्या-काळ्या शाईच्या तारखा, मध्येच दोन वर्षांचा खंड, मग पुन्हा लागोपाठ सहा. मी माझी बावन्नांची वही आठवली आणि प्रथमच जाणवले की दोन्ही हिशेबच आहेत, पण खाते उलट नावावर आहे. माझ्या वहीत खाते माझ्या नावाचे होते आणि जमेला पुस्तके होती. इथे खाते पुस्तकाच्या नावाचे होते आणि जमेला माणसे होती. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतले तिसरे सूत्र हेच सांगते की प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. आपला संकल्प या सूत्राला ओळखतच नाही. त्याच्या लेखी पुस्तक म्हणजे वाचकाच्या कंबरपट्ट्यावरची एक खूण.

यावर दोन आक्षेप येतील. दोन्ही मी ऐकले आहेत.

पहिला असा : आकड्यामुळे शिस्त लागते, तो नसता तर एवढेही वाचले गेले नसते, वेळ मोबाइलमध्ये गेला असता. शिस्तीला माझा विरोध नाहीच. वाचनाला आकड्याचा बांध घालणे ही आपल्याकडे काही गुडरीड्सने आणलेली नवलाई नाही. ते संकेतस्थळ २००७ साली सुरू झाले. आपल्याकडे गुरुचरित्राचा सप्ताह कित्येक पिढ्यांचा आहे. कोणत्या दिवशी कितव्या अध्यायापर्यंत जायचे हे ठरलेले. गजानन विजयचे अध्याय एकवीस, ते कोणी तीन दिवसांत वाचतो, कोणी एका बैठकीत. पण या मोजणीची घडण नीट पाहा. तिथे मोजतात ते अध्याय. ग्रंथ एकच राहतो. तो पुढच्या वर्षी पुन्हा तोच असतो, आणि पुन्हा वाचला म्हणून कोणी त्याला 'मोजत नाही' असे म्हणत नाही. आमच्याकडे चातुर्मासात पोथी लागते तेव्हा एक जण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाकीचे ऐकतात. आणि ऐकणाऱ्यांत एखादी म्हातारी अशी असते की ओळ चुकली तर तिथेच टोकते. अर्थ सांगणारा आणि टोकणारी म्हातारी, या दोघांना वगळून आपण पारायणातला केवळ आकडा उचलला आहे. पारायणातही घोकंपट्टी असते, पुण्याचा हिशेब असतो, हे मी नाकारत नाही. पण तिथला आळशी वाचक निदान चारचौघांत पकडला जातो. आपला पकडला जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : शासन आणि शाळाही हेच करत आहेत, मग ते सारे व्यर्थ काय? १५ ऑक्टोबर हा डॉ. कलामांचा जन्मदिवस २०१५ पासून राज्यात 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळला जातो. २०२५ च्या आरंभी, १ ते १५ जानेवारी, 'वाचन संकल्प महाराष्ट्राचा' हा पंधरवडा महाविद्यालयांतून झाला. हेतू चांगला आहे आणि मुलांच्या हाती पुस्तक पडणे केव्हाही चांगलेच. परंतु अशा उपक्रमाचा अहवाल वर जाताना आकडेच वर जातात : इतके विद्यार्थी, इतकी पुस्तके, इतके अभिप्राय. मुलाला पहिल्याच पुस्तकाबरोबर आपण शिकवतो की वाचणे म्हणजे संपवणे आणि अभिप्राय म्हणजे स्तुती. 'हे पुस्तक मला आवडले नाही, चाळिसाव्या पानावर मी ते सोडले, कारण असे' एवढे लिहिणाऱ्या मुलाला आपण बक्षीस देऊ काय? देणार नसू, तर त्याला अभिप्राय मागण्याचा अधिकारही आपल्याला नाही.

मोठ्यांचे अभिप्राय तरी कुठे वेगळे आहेत? 'अप्रतिम', 'खिळवून ठेवणारे', 'संग्राह्य', 'प्रत्येकाने वाचलेच पाहिजे'. ही विशेषणे कोणत्याही पुस्तकाला चिकटतात, म्हणून कोणत्याही पुस्तकाविषयी काही सांगत नाहीत. साठ पुस्तके वाचणाऱ्याला साठ मते असणे शक्यच नसते; त्याच्याजवळ साठ पावत्या असतात. मत व्हायला पुस्तकाशी भांडावे लागते, भांडायला थांबावे लागते, आणि थांबले की आकडा चुकतो.

या हिशेबात काय बसतच नाही तेही पाहा. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी सिद्ध केलेला झाडीबोलीचा शब्दकोश माझ्या टेबलावर असतो. ज्या बोलीत 'ण'चा 'न' होतो म्हणून आमच्या पिढीने शाळेत छड्या खाल्ल्या, तिचे शब्द तिथे मानाने मांडलेले आहेत. तो मी शेकडो वेळा उघडला आहे. 'वाचून झाला' कधीच नाही आणि होणारही नाही. कोणत्याही वर्षाच्या यादीत त्याची किंमत शून्य. याउलट एस.टी.त संपवलेले ते दोन कवितासंग्रह, ज्यांतली एक ओळ मला आठवत नाही, त्यांची किंमत दोन. जी मोजपट्टी शब्दकोशाला शून्य आणि बेइमानीला दोन गुण देते, ती मोडून टाकण्यात कसला संकोच?

आमच्या या मुलखाला एका मोठ्या लेखकाचे नाव लाभले आहे. आमगावजवळचे पदमपूर, जे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होते आणि आता गोंदिया जिल्ह्यात आहे, ते भवभूतीचे गाव असे महामहोपाध्याय मिराशींचे प्रतिपादन आहे. समकालीनांच्या उपेक्षेने दुखावलेल्या या नाटककाराने 'मालतीमाधवा'च्या प्रारंभी काय म्हटले आहे हे संस्कृत शिकलेल्यांना ठाऊक असते : माझ्यासारख्याच वृत्तीचा कोणीतरी आज कुठेतरी असेल किंवा पुढे कधीतरी जन्मेल, कारण काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे. लेखक एका वाचकासाठी अनंत काळ थांबायला तयार आहे, आणि आपल्याला त्याच्यासाठी एक आठवडा जड जातो.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. ज्याला मोजल्यावाचून राहवत नाही त्याने जरूर मोजावे, पण खाते उलटवावे. वर्षाला पाच पुस्तके घ्यावीत. प्रत्येकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, वाचनालयात असतो तसा, तारखांचा कागद चिकटवावा आणि ते पुस्तक हिंडू द्यावे. वर्षअखेर मी किती वाचली हे सांगू नये. हे पुस्तक किती घरांत जाऊन आले आणि त्यावरून किती जणांशी भांडण झाले ते सांगावे. सोडून दिलेल्या पुस्तकाचीही नोंद ठेवावी, पान क्रमांकासह. आणि ज्याचे शेवटचे पान वाचलेले नाही, त्याच्या शेवटाविषयी एक शब्द लिहू नये.

'लीळाचरित्र' मी पुन्हा उघडले आहे. पूर्वार्धातच आहे. लाखांदूरच्या मित्राने पत्र पाठवून विचारले, कुठवर आलात? मी पान कळवले आणि एका लीळेविषयीची शंकाही कळवली. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. तो ती लीळा वाचत असावा.