बोटांनीं वाचावयाची वही

लुई ब्रेल यांनीं १८२९ सालीं प्रसिद्ध केलेली ६ ठिपक्यांची लिपि आतां पिशवींत मावणाऱ्या टिपणयंत्रांतही आली आहे. फाईल उघडली कीं एका ओळीपुरते ठिपके वर येतात. कळ दाबतांच पुढील मजकूर उमटतो. परंतु लग्नपत्रिकेचें किंवा वडिलांच्या पत्राचें नुसतें छायाचित्र धाडलें, तर त्याचे सरळ ठिपके होत नाहींत. घरांतील अंध मुलीला तें बहुधा दुसऱ्याकडून वाचवून घ्यावें लागतें. जुन्या फाँटांतला मजकूरही निरर्थक रोमन अक्षरें होऊन पोंचतो. म्हणून वाचकांस आमची विनंती एवढीच कीं, मजकूर युनिकोड देवनागरींत टंकून साध्या फाईलींत पाठवावा. आपलें पत्र आपण वाचावें, हा मान घरांत सर्वांचा आहे, असें आम्ही समजतों.