खाणीचे पाणी आणि सूक्ष्म सेवक

वाघूरकाठच्या पहूरकरांस खाणींशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु भुसावळजवळ दीपनगर येथे वीज होते ती दगडी कोळशावर. आणि कोळसा जेथून निघतो तेथील पाण्याचा विचार वीज वापरणारांनी करू नये, हे न्याय्य नव्हे.

काही खाणींच्या खडकात लोह व गंधक यांचे संयुग असते. खडक फोडला म्हणजे त्यास हवा व पाणी लागून गंधकाम्ल बनते, आणि विरघळलेले धातू ओढ्यांत उतरतात. ही क्रिया एक जंतू झपाट्याने वाढवितो, असे १९४७ साली अमेरिकेत कॉल्मर व हिंकल यांनी दाखविले. मेघालयातील जैंतिया टेकड्यांत अशा पाण्याने कित्येक ओढे मत्स्यहीन झाले. २०१४ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तेथील बेबंद खाणकामास मनाई केली.

आता दुसरी बाजू पाहू. हवा न पोहोचणाऱ्या चिखलात निराळेच जंतू राहतात. हॉलंडात बायरिंक यांनी १८९५ साली त्यांचा शोध लाविला. शेण, पेंढा यांच्या कुजण्यावर ते जगतात व पाण्यातील गंधकक्षारापासून कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू करतात. तो वायू जस्त, तांबे इत्यादी धातूंशी मिळून त्यांस तळाशी बसवितो. पाण्याचा आंबटपणाही उतरतो. हॉलंडातीलच बुडेल येथे जस्ताच्या कारखान्याखालील दूषित भूजल १९९२ पासून याच रीतीने शुद्ध होऊ लागले. आपल्या नागपूर जिल्ह्यात गुमगाव येथेही मँगनीज खाणीच्या उजाड ढिगांवर नीरी संस्थेने जंतूंच्या साह्याने झाडी उभी केली.

तथापि हे सेवक फुकट राबत नाहीत. त्यांस नित्य अन्न हवे, आणि साचलेला गाळ कोणी तरी उपसला पाहिजे. खाण बंद झाली तरी आम्लाचा झरा वर्षानुवर्षे वाहतो. कोळशाच्या खाणी मिटविण्याकरिता पैसा राखून ठेवण्याचा नियम आपल्या देशात आहे. आमचे मत असे की, खड्डा बुजला व रोपे लागली एवढ्यावर तो हिशेब मिटवू नये. पाणी पिण्याजोगे निघेपर्यंत खाणवाल्याची जबाबदारी संपू नये.

विद्यार्थ्यांनो, परमेश्वराने ही भूमी आपल्या हाती दिली ती राखावयास. बिघडविणारे आणि सुधारणारे असे दोन्ही जंतू त्याच मातीत आहेत. कोणास वाव द्यावयाचा, हे मात्र माणसाने ठरवावयाचे आहे.