समृद्धीवर ऐंशीच बरी

जालन्याहून शिर्डीला निघालेली टेम्पो ट्रॅव्हलर समृद्धी महामार्गावर चढली, की मागच्या सीटवरून फर्माईश सुटते, "दादा, दाबा की जरा!" रस्ता सरळसोट, ना सिग्नल ना दुचाकी. काटा शंभराकडे सरकतो. महामार्गाच्या वेगमर्यादेचीही आडकाठी नाही. सपाट भागात मोटारींना ताशी 120, नऊ किंवा अधिक प्रवाशांच्या वाहनांना 100 आणि मालवाहू गाड्यांना 80 किलोमीटरची मुभा आहे. तरीही पंधरा वर्षं पळालेल्या ट्रॅव्हलरनं वा सुमोनं ऐंशीच्या पुढे जाऊ नये.

कारण हवा. तिचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ऐंशीवरून शंभरावर गेलं, की तो सुमारे 56 टक्क्यांनी चढतो. 120 वर सव्वादोन पट होतो. ट्रॅव्हलरचा उंच, चौकोनी सांगाडा आणि कॅरियरवर ताडपत्रीत बांधलेल्या बॅगा ही हवा अंगावर घेत जातात. झिजलेल्या इंजिनाला त्यासाठी जास्त डिझेल लागतं, शिवाय ते तापतं.

बदल्यात मिळतं काय? महामार्गाचा जालना जिल्ह्यातला टप्पा सुमारे 42 किलोमीटरचा. ऐंशीनं तो साडेएकतीस मिनिटांत सरतो, शंभरानं पंचवीस मिनिटांत. वाचलेली सहा-साडेसहा मिनिटं पहिल्याच चहाला संपतात.

तेलटंचाईनं हैराण झालेल्या अमेरिकेनं 1974 मध्ये देशभर ताशी 55 मैलांची, म्हणजे सुमारे 88 किलोमीटरची मर्यादा घातली, ती इंधन वाचवण्यासाठीच. आपल्याकडे पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था तर 45 ते 55 किलोमीटरचा वेग सुचवत आली आहे. समृद्धीवर मात्र इतकं रेंगाळणं धोक्याचं. मागून 120 नं येणाऱ्या मोटारीचा अंदाज चुकू शकतो. म्हणून ऐंशी, आणि तीही डाव्या लेनमधून.

टायरचा प्रश्न वेगळाच. मराठवाड्यातला उन्हाळा, तापलेलं सिमेंट, भरलेली गाडी आणि कमी हवेचे जुने टायर यांत वेगाची भर पडली, की टायर फुटायला वेळ लागत नाही. कमी हवेमुळे डिझेलही जास्त जळतं.

घाई प्रवाशांची असते आणि डिझेलचा खर्च बहुधा मालकाचा. त्यामुळे किलोमीटरचा दर ठरतो त्याच बोलण्यात वेगही ठरून जावा. शिर्डीपर्यंत ऐंशी आणि शंभर यांतला फरक अर्ध्या तासाच्या आतला आहे. तेवढं आधी निघायचं आणि निघण्यापूर्वी चारही टायरची हवा तपासून घ्यायची.