माजघर : लोण्याची परवानगी



नाताळ आला की जर्मनीत घरोघरी ‘श्टोलन’ नावाचा गोड, लांबट पाव कापला जातो. त्यात ड्रेस्डेन शहराचा श्टोलन फार नावाजलेला. आत मनुका, बदाम, साखरेत मुरवलेली संत्र्या-लिंबाची साल आणि वर पिठीसाखरेचा पांढराशुभ्र थर. दुपट्यात गुंडाळलेल्या बाळ येशूसारखा तो दिसतो, असे तिथले लोक सांगतात.

पूर्वी मात्र हा पाव अगदीच रुक्ष असे. नाताळच्या आधीचे आठवडे उपवासाचे. आपल्या उपवासाला दूध-तूप चालते. त्यांच्या उपवासाला दूध-लोणीच वर्ज्य! त्या थंड मुलखात ऑलिव्ह पिकत नाही. म्हणून मोहरीच्या जातीच्या बियांचे उग्र तेल घालायचे. घरात गाईचे लोणी असले, तरी सणाचा पाव बेचवच.

राजघराण्याने रोमला गाऱ्हाणे घातले. अखेर १४९१ साली पोप आठवे इनोसंट यांनी पत्राने लोणी वापरायची मुभा दिली. ‘लोण्याचे पत्र’ म्हणून ते प्रसिद्ध आहे. मुभा फुकट नव्हती. तिच्यासाठी चर्चच्या बांधकामाला पैसे द्यावे लागत. म्हणजे ज्याच्या गाठीला पैसा, त्याचाच पाव आधी मऊ झाला! पुढे १५३९ मध्ये ड्रेस्डेन प्रॉटेस्टंट झाले आणि हे बंधनच सुटले.

मग थाट वाढला. १७३० साली तिथला सत्ताधीश ऑगस्टस याने लष्करी मेळाव्यासाठी सुमारे १८ क्विंटलचा एकच श्टोलन भाजवून घेतला. त्याच्यासाठी निराळी भट्टी बांधली, कापायला मोठी सुरी घडवली. त्याची आठवण म्हणून १९९४ पासून ड्रेस्डेनमध्ये डिसेंबरात श्टोलनचा उत्सव भरतो.

हा पाव टिकतोही लोण्यानेच. भट्टीतून काढला की गरम असतानाच त्याला पातळ केलेले लोणी पाजतात, साखरेत घोळवतात आणि थंड जागी दोन-तीन आठवडे मुरू देतात.

आता गंमत पाहा. आपल्या हापूसला जसे भौगोलिक मानांकन आहे, तसे २०१० पासून युरोपीय संघाने ड्रेस्डेनच्या श्टोलनला संरक्षण दिले आहे. ते नाव लावायचे तर किलोभर मैद्यामागे निदान अर्धा किलो लोणी हवे. मार्गरीन चालत नाही. एकेकाळी लोणी घातले तर पाप लागे, आज कमी घातले तर नाव जाते!

रोज ताक घुसळणाऱ्या बाईला लोण्याचे मोल वेगळे सांगायला नको.