पूर्ण बाह्यांच्या आड

अकोल्याच्या एका मातेचे पत्र आमच्यापुढे आहे. मुलगी अमरावतीला वसतिगृहात राहून शिकते. सुटीत घरी आली की दिवसभर अन्नाला शिवत नाही, रात्री मात्र डब्यातले सारे संपवते आणि ओकून टाकते. वैशाखातही पूर्ण बाह्या! त्या सरकल्या तेव्हा हातावरचे व्रण दिसले. वडील म्हणतात, नाटके आहेत. आजी म्हणते, बाहेरचे आहे.

आम्ही म्हणतो, हा आजार आहे. लंडनचे डॉ. जेराल्ड रसेल यांनी 1979 साली त्याला 'बुलिमिया नर्व्होसा' हे नाव दिले. राजवधू डायनाने 1995 साली बीबीसीच्या मुलाखतीत सांगितले, की आपल्याला हा आजार होता आणि आपण स्वतःला इजाही करून घेतली. राजवाड्यात काय कमी होते?

हे दोन्ही झटके पुष्कळदा एकाच मुलीत आढळतात. लाज, राग असह्य झाला की ती क्षणात काहीतरी करून बसते. घटकाभर मोकळे वाटते, मग दुप्पट लाज. उपाशी शरीरात मनाचा लगामही ढिला पडतो. शपथा घालून तो आवळला जात नाही.

ताई, उलटतपासणी नको. जवळ बसून "तुले काय होते, मले सांग" एवढेच म्हणा. जीव द्यावासा वाटतो का, हेही स्पष्ट विचारा; विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे, तिथे तिला न्या. वारंवार ओकल्याने रक्तातले पोटॅशियम घटून हृदयाला धोका होतो, तेव्हा रक्तही तपासून घ्या. रात्री-अपरात्री 14416 हा 'टेलीमानस'चा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येते.